स्पेनच्या खेड्यात ब्रिटिश कुटुंबाचा संसार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मालागा प्रांतातल्या अक्सारकिया भागात, डोंगरउतारावरच्या एका पांढऱ्या गावात राहतो. आम्हा दोघांचे पासपोर्ट ब्रिटिश, घरातली भाषा मराठी आणि मुलं गावच्या सरकारी शाळेत. ब्रिटनमधली मराठी कुटुंबं आणि भारतातले नातेवाईक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. स्पेनमध्ये शाळा आणि आरोग्याचे नियम स्वायत्त प्रदेशागणिक बदलतात. इथे दिलेले बहुतेक आंदालुसियाचे, म्हणजे मालागा प्रांत ज्यात येतो त्या प्रदेशाचे आहेत.

१. "स्पेनमधलं खेडं" म्हणजे नेमकं कुठलं? किनाऱ्यावरच्या वसाहती त्यात धरायच्या का?

नको. स्पेनच्या लोकसंख्या नोंदणीत अडीच लाखांहून जास्त ब्रिटिश आहेत आणि आलिकान्ते व मालागा या दोन प्रांतांत त्यांची सर्वांत मोठी वस्ती आहे. त्यातले बरेचसे किनाऱ्यालगतच्या बांधीव वसाहतींत राहतात. तिथे दुकानदार, डॉक्टर, नळजोडणीवाला सगळे इंग्रजी बोलतात. किनारा सोडून डोंगरात शिरलं की जीवन बदलतं. अक्सारकियातली कोम्पेता आणि फ्रिखिलियाना, अल्मेरियातलं आल्बोक्स, ग्रानादाच्या आल्पुखारातलं ओर्खिवा, आलिकान्तेतलं खालोनचं खोरं, या भागांत ब्रिटिश कुटुंबं बरीच आहेत, पण व्यवहार स्पॅनिशमध्ये चालतो. या पानावर लिहिलंय ते अशा गावांबद्दल.

२. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश कुटुंबाला तिथे राहायला जाता येतं का?

येतं, पण व्हिसा लागतो. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी जे स्पेनमध्ये कायदेशीर रहिवासी होते त्यांचे हक्क करारानुसार शाबूत आहेत. नंतर येणाऱ्यांसाठी मुख्य वाटा दोन.

पहिला, काम न करता राहण्याचा व्हिसा. यात मुख्य अर्जदाराला इप्रेम या सरकारी निर्देशांकाच्या चौपट आणि कुटुंबातल्या प्रत्येकासाठी आणखी एक पट उत्पन्न दाखवावं लागतं. इप्रेम महिना ६०० युरो धरला तर चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ५०,४०० युरो होतात. या व्हिसावर घरबसल्या लंडनच्या कंपनीचं काम करणंही चालत नाही. "लॅपटॉपवर कोण बघतंय?" असं विचारणारे बरेच भेटतात. मुलांचं भवितव्य त्या परवान्यावर उभं असताना असला धोका पत्करू नका.

दुसरा, परदेशी कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांचा व्हिसा, जो २०२२ च्या २८ क्रमांकाच्या कायद्याने आला. त्यात उत्पन्नाची अट किमान वेतनाच्या दुप्पट, आणि कुटुंबीयांसाठी त्यात भर. नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्यांना हाच बसतो. घर विकत घेऊन मिळणारा गुंतवणूकदारांचा व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला.

व्हिसाशिवाय कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नव्या सीमाप्रणालीत बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवला जातो आणि दिवस यंत्रच मोजतं.

३. गावात पोहोचल्यावर पहिलं काम कोणतं?

पाद्रोन. म्हणजे गावच्या पालिकेत जाऊन "आम्ही या घरात राहतो" अशी नोंद करणं. पासपोर्ट आणि घराचा भाडेकरार किंवा खरेदीखत घेऊन जा, मुलांचे जन्मदाखलेही न्या. शाळा, आरोग्यपत्र, गाडीची नोंदणी, सगळीकडे पाद्रोनचा ताजा दाखला मागतात. तीन महिन्यांहून जुना बहुतेक ठिकाणी चालत नाही.

अनेक ब्रिटिश वर्षानुवर्षं गावात राहूनही ही नोंद करत नाहीत. सरकारी वहीत नाव कशाला, अशी त्यांना भीती असते. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. केंद्राकडून पालिकेला मिळणारा पैसा नोंदलेल्या डोक्यांवर ठरतो. तुम्ही गावचे रस्ते, दिवे, कचरागाडी वापरता आणि मोजणीत मात्र नसता, तेव्हा तुमचा वाटा शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या वाट्यातून जातो. मुलांची संख्या घटली की शाळेतले वर्ग एकत्र करतात, शिक्षक कमी होतो. दोन मुलांचं एक कुटुंब नोंदलं गेलं तर डोंगरातल्या शाळेला तो फरक खरोखर जाणवतो.

पाद्रोन म्हणजे रहिवासी परवाना नव्हे. व्हिसावर आलेल्यांनी महिन्याभरात पोलीस ठाण्यात तिए कार्डासाठी, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्रासाठी, ठसे द्यायचे, मुलांचेही. त्या कार्डावर असतो तोच निए, म्हणजे परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक. बँक, वीज, मोबाइल, सगळीकडे तोच लागतो.

४. आमची मराठी नावं तिथल्या अर्जात कशी बसतात?

हा प्रश्न मराठी घरांतूनच येतो आणि तो क्षुल्लक नाही. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. "अन्वय सचिन जोशी" असं पासपोर्टवर असेल तर कारकून "सचिन"ला पहिलं आडनाव आणि "जोशी"ला दुसरं समजतो. मग शाळेच्या यादीत मूल "सचिन जोशी, अन्वय" होतं, दवाखान्यात नुसता "सचिन" असा पुकारा होतो आणि बहिणीचं नाव वेगळ्या टेबलावर वेगळं लिहिलं गेलं तर भावंडं कागदोपत्री वेगळ्या घरातली ठरतात. मधलं नाव असलेल्या इंग्रज मुलांचंही हेच होतं.

उपाय एकच. पहिल्याच दिवशी पाद्रोनवर नावाचे भाग कसे पाडलेत ते तिथेच उभं राहून वाचा, पासपोर्टमधली आडनावाची ओळ बोटाने दाखवा आणि पुढे प्रत्येक कागदावर तशीच विभागणी मागा. तिए कार्ड हातात आलं की त्यावरचं नाव प्रमाण मानलं जातं.

५. रोजचा दिवस कसा जातो?

उशिरा सुरू होऊन उशिरा संपतो. शाळा नऊ ते दोन. दोनला मुलं घरी येतात आणि अडीच-तीनला दिवसाचं मुख्य जेवण होतं. त्यानंतर पाच वाजेपर्यंत गाव बंद. वाणसामानाचं दुकान, पालिका, रस्ता, सगळं शांत. या वेळात कोणाचं दार वाजवू नका आणि ड्रिल मशीन तर मुळीच चालवू नका. सहाच्या सुमारास मुलांचं मधलं खाणं, मग चौकात खेळ. रात्रीचं जेवण नऊनंतर.

ब्रिटनमध्ये सातला मुलांना झोपवायची सवय असलेल्या आईबापांना पहिलं वर्ष जड जातं. उन्हाळ्यात मध्यरात्रीही लहान मुलं चौकात सायकली फिरवत असतात, बाकांवर आज्या बसलेल्या असतात आणि प्रत्येक आजी प्रत्येक मुलावर लक्ष ठेवून असते. तुम्ही मुलांना सातला घरात घेतलंत तर त्यांची मैत्री व्हायची वेळच तुम्ही काढून घेता. दुपारी झोपवा आणि संध्याकाळी सोडा.

सकाळी पावाची गाडी हॉर्न वाजवत येते. नारिंगी गॅस सिलिंडर, साडेबारा किलोचे, ठरलेल्या दिवशी येतात. रिकामं सिलिंडर दाराबाहेर ठेवलं की भरलेलं मिळतं. वार विसरलात तर थंड पाण्याने आंघोळ.

६. शाळेत प्रवेश कसा मिळतो आणि मूल कोणत्या इयत्तेत जातं?

६ ते १६ वयात शाळा सक्तीची. ३ ते ६ ही बालशाळा सक्तीची नाही, पण मोफत आहे आणि जवळजवळ सगळी मुलं जातात. आंदालुसियात पुढच्या वर्षाचे अर्ज १ ते ३१ मार्च या काळात घेतात. वर्षाच्या मध्ये आलात तरी प्रवेश नाकारत नाहीत. गावच्या शाळेत जागा असतेच. सक्तीच्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, ती वर्षअखेरीस परत द्यायची असतात, त्यामुळे कव्हरं नीट घाला.

इयत्ता जन्माच्या कॅलेंडर वर्षावर ठरते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरात जन्मलेलं मूल वर्गातल्या सर्वांत मोठ्या मुलांत असतं. इथे तेच सर्वांत लहानांत येतं आणि एक इयत्ता पुढे टाकल्यासारखं होतं. घाबरू नका, पण शिक्षिकेला पहिल्याच भेटीत सांगा. आंदालुसियात मुलं बाईंना "सेन्यो" म्हणतात. तुम्हीही तसंच म्हटलंत तर कोणाला वावगं वाटत नाही.

गुण दहापैकी, पाच म्हणजे पास. वर्षाचा अभ्यास झाला नाही तर मूल त्याच इयत्तेत पुन्हा बसू शकतं. ब्रिटनमध्ये हे होत नसल्याने पालक हादरतात. भाषा नवी असलेल्या मुलासाठी ते जादा वर्ष कधी कधी वरदान ठरतं, असं माझं मत आहे.

७. मुलांना स्पॅनिश येत नाही. ती किती दिवसांत बोलू लागतील? आणि मराठीचं काय?

सात-आठ वर्षांखालच्या मुलांची काळजी करू नका. सुरुवातीचे काही महिने ती वर्गात गप्प असतात, ऐकून घेतात आणि मग एक दिवस अख्खी वाक्यं बाहेर पडतात, तीही शेवटचा "स" गिळणाऱ्या आंदालुसियन ढंगात. बारा वर्षांपुढच्या मुलांचं अवघड. त्यांना इतिहास, जीवशास्त्र, रसायनशास्त्र नव्या भाषेत लिहायचं असतं आणि मित्रमंडळं आधीच जमलेली असतात. माझा सल्ला विचारलात तर मूल दहाचं व्हायच्या आत या. तेरा-चौदाच्या मुलाला आणायचंच असेल तर येण्याआधी वर्षभर स्पॅनिशची शिकवणी लावा. आंदालुसियात नव्या मुलांसाठी शाळेतल्या शाळेत भाषेचे पूरक वर्ग असतात, पण लहान गावांत त्यांचे शिक्षक आठवड्यातून थोडेच तास येतात. आलिकान्तेत जाणार असाल तर शाळेत बालेन्सियानो ही दुसरी भाषाही येते, हे धरून चला.

मराठीचा प्रश्न वेगळा. घरात मराठी, शेजारी इंग्रजी, चौकात स्पॅनिश अशा तीन भाषांत गळते ती मराठीच, कारण तिला बाहेर कोणी विचारत नाही. आमच्या घरी एक रीत आहे. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर मुलांनीच बोलायचं, आम्ही मध्ये दुभाषेगिरी करायची नाही. शब्द अडला तर मूल स्पॅनिश शब्दाला मराठी प्रत्यय लावतं आणि पुढे जातं. "मी प्लासात गेलेलो" असं म्हणतं. आजीला चौक कळतो. असं बोलणं दुरुस्त करत बसू नका, बोलणं चालू राहणं महत्त्वाचं.

८. उन्हाळ्याची सुट्टी खरंच अडीच महिन्यांची असते का? नोकरी करणाऱ्यांनी काय करायचं?

असते. जूनच्या अखेरीपासून साधारण १० सप्टेंबरपर्यंत. शिवाय मालागा प्रांतात फेब्रुवारीअखेर, आंदालुसिया दिनाच्या आसपास, आठवडाभर सुट्टी. पालिका सकाळची शिबिरं घेते, गावचा जलतरण तलाव उघडतो. आजी-आजोबा जवळ नसलेल्या कुटुंबांचं खरं उत्तर म्हणजे इतर पालक. पाळीपाळीने मुलं सांभाळण्याची सोय लागते, पण तुम्ही हिवाळ्यात कोणाची तरी मुलं सांभाळली असतील तरच.

९. आजारी पडलो तर?

गावात छोटा सरकारी दवाखाना असतो, जिथे डॉक्टर ठरावीक सकाळी येतात. मोठं आरोग्यकेंद्र शेजारच्या मोठ्या गावात, इस्पितळ किनाऱ्याकडे. आंदालुसियात वेळ घेण्यासाठी "सालुद रेस्पोन्दे" हे ॲप आणि फोनसेवा आहे. तातडीला ११२.

हक्क तुमच्या परवान्यावर ठरतो. दूरस्थ कामाच्या व्हिसावर इथे सामाजिक सुरक्षेचं शुल्क भरत असाल तर सरकारी सेवा मिळते. ब्रिटिश सरकारी पेन्शन घेणाऱ्यांना एस-१ अर्जावर मिळते, आणि खर्च ब्रिटन उचलतं. काम न करण्याच्या व्हिसावर सुरुवातीला संपूर्ण खाजगी विमा हवाच. पाद्रोनवर एक वर्ष झालं की विशेष कराराने सरकारी सेवेत शिरता येतं. ६५ खालच्यांना महिना ६० युरो, त्यावरच्यांना १५७. त्यात औषधांवरची सवलत नसते, हे आधीच लक्षात घ्या. इथेही पाद्रोनची तारीख महत्त्वाची (प्रश्न ३).

येताना मुलांच्या लसीकरणाची नोंद घेऊन या. परिचारिका ती स्पॅनिश वेळापत्रकाशी ताडून पाहते. आंदालुसियात ६ ते १५ वयाच्या मुलांना मूलभूत दंतसेवा मोफत आहे. ब्रिटिश कुटुंबांना ही सोय बहुधा ठाऊकच नसते.

१०. स्पेनमध्ये थंडी कुठली? हीटरची गरज असते का?

असते, आणि फार. गावातली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. जाड भिंती, लहान खिडक्या, फरशीची जमीन. जानेवारीत बाहेर ऊन असतं आणि आत स्वेटर घालून बसावं लागतं. भिंतींना ओल धरते, कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी येते.

गावकऱ्यांची तोड म्हणजे मेसा कामिया. गोल टेबल, त्याखाली विजेची शेगडी आणि वरून जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड. ते मांडीवर ओढून घ्यायचं आणि पाय आत. टेबलाभोवती अभ्यास, जेवण, पत्ते, सगळं तिथेच. घर विकत घेतल्यावर ब्रिटिश लोक आधी टेरेस सजवतात. त्याआधी एक असं टेबल आणि ऑलिव्हची वाळलेली लाकडं घ्या.

उन्हाळ्याचा त्रास वेगळा. मालागात तेराल नावाचा, जमिनीकडून येणारा गरम वारा सुटला की खिडक्या बंद ठेवायच्या, उघडायच्या नाहीत. सहाराची धूळ आली की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायचे.

११. पाणी आणि वणव्यांबद्दल खूप ऐकतो. मुलं घेऊन राहणं सुरक्षित आहे का?

सुरक्षित आहे, पण बेफिकीर राहता येत नाही. २०२३-२४ च्या दुष्काळात अक्सारकियाला पाणी पुरवणाऱ्या विन्युएला धरणात आठ टक्क्यांहूनही कमी साठा उरला होता. रात्री नळ बंद व्हायचे, आंबा आणि ॲव्होकाडोच्या बागा वाळल्या. घर घेताना टाकी किती लिटरची, पाणी पालिकेचं की शेतीच्या मंडळाचं, हे विचारा. शेतीचं पाणी पिण्याचं नसतं. आंदालुसियात १ जून ते १५ ऑक्टोबर शेतातला पालापाचोळा जाळायला बंदी असते. आणि जानेवारी ते मार्चमध्ये पाइनच्या झाडांवरून रांगेने उतरणाऱ्या केसाळ अळ्यांपासून कुत्रा आणि मुलं दोन्ही लांब ठेवा. त्यांचे केस कुत्र्याच्या जिभेला लागले तर जीवावर बेततं.

१२. शेतातलं स्वस्त घर दिसतंय. घ्यावं का?

कागद पाहिल्याशिवाय अजिबात नाही. आंदालुसियाच्या डोंगरांत शेतजमिनीवर परवान्याविना बांधलेली हजारो घरं आहेत आणि त्यांचा फटका ब्रिटिशांना जबर बसला. जानेवारी २००८ मध्ये अल्मेरिया प्रांतातल्या वेरा इथे एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचं घर बुलडोझरने पाडलं गेलं, तेही पालिकेने दिलेला परवाना हातात असताना. पुढे २०१९ च्या तिसऱ्या अध्यादेशाने अशा घरांना "आफो" नावाची मान्यता मिळवण्याची वाट मोकळी झाली. आफो असेल तर वीज-पाणी जोडता येतं, डागडुजी करता येते. पण वाढीव खोली बांधता येत नाही.

नोंदणी कार्यालयाचा साधा उतारा मालक कोण आणि कर्ज किती ते सांगतो, बांधकाम कायदेशीर आहे की नाही ते सांगत नाही. म्हणून वकील स्वतःचा घ्या, दलालाने सुचवलेला नको. आंदालुसियात जुन्या घराच्या खरेदीवर ७ टक्के कर लागतो. मुलं लहान असतील तर माझं मत स्पष्ट आहे. घर गावातच घ्या. शेतातल्या घरातून शाळा, मित्र, दुकान, प्रत्येक गोष्टीसाठी गाडी काढावी लागते आणि मूल चौकापासून तुटतं.

१३. गावकरी परक्यांना आपलंसं करतात का?

करतात, पण पुढाकार तुमचा हवा. गावात शिरताना दिसेल त्याला नमस्कार करायचा, ओळख असो वा नसो. दुकानात शिरल्यावर "शेवटी कोण?" असं विचारून आपला नंबर लक्षात ठेवायचा, कारण रांग उभी नसते. जत्रेच्या वर्गणीला हात आखडता घ्यायचा नाही.

खरं नातं कामातून जमतं. अक्सारकियात ऑगस्टअखेर मस्कतेल द्राक्षं उतारावरच्या वाफ्यांवर उन्हात वाळत घालतात. रात्री दव लागू नये म्हणून झाकायची, दिवसा हाताने पलटायची. मग बेदाणे झाल्यावर लहान कात्रीने एकेक देठ कापायचा. हे काम अजूनही घराच्या ओसरीवर, गप्पा मारत होतं. तिथे जाऊन बसा, कात्री मागा. बोटं चिकट होतात, पाठ भरून येते आणि कोणाची सून कुठली, कोणाचं शेत विकायचंय, शाळेत नव्या बाई कोण येणार, सगळं कानावर पडतं. इंग्रजी चालणाऱ्या बारमध्ये वर्षं काढली तरी एवढं गाव कळत नाही.

सणही सोडू नका. कोम्पेतात १५ ऑगस्टला वाइनची रात्र, एल बोर्खेत सप्टेंबरात बेदाण्यांचा दिवस, सायालोंगात मेच्या पहिल्या रविवारी लोकाटचा सण. मुलांना स्वयंसेवकांत घाला, नुसतं पाहायला नेऊ नका.

१४. नाताळ ब्रिटिश पद्धतीने करायचा की स्पॅनिश?

दोन्ही करा, पण ५ जानेवारीची संध्याकाळ राखून ठेवा. इथल्या मुलांना खेळणी ६ जानेवारीला तीन राजे आणतात आणि आदल्या संध्याकाळी मिरवणुकीत ते गोळ्या उधळतात. पिशवी घेऊन जा. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा ठोक्यांवर बारा द्राक्षं खायची. लहान मुलांना अख्खी देऊ नका, चिरून द्या.

१५. मसाले, डाळी, चहा कुठून आणता?

तूरडाळ, गोडा मसाला, ब्रिटिश चहापत्ती सुटकेसमध्ये येते. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात वैयक्तिक सामानातही आणता येत नाहीत. तूप, पेढे, चीझ, बेकन सगळं त्यात आलं. ब्रिटनहून पार्सल मागवलं तर जकात आणि कर लागू शकतो. बाकी कोथिंबीर, मिरच्या, हरभरे, मसूर, ताजी भाजी आठवडी बाजारात भरपूर. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात अक्सारकियाचा आंबा. बहुतेक ओस्टीन जातीचा, रेषा नसलेला, गोड. त्याचा आमरस होतो आणि चांगला होतो.

१६. ब्रिटिश परवान्यावर गाडी चालवता येते का?

रहिवासी झाल्यावर सहा महिने. मग अदलाबदल करावी लागते. १६ मार्च २०२३ पासून ब्रिटन-स्पेन करार असल्याने पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही, फक्त वैद्यकीय तपासणी. भारतीय परवान्याची अदलाबदल होत नाही, स्पॅनिश परीक्षाच द्यावी लागते.

१७. पुण्यातला फ्लॅट आणि ब्रिटनमधली बचत स्पेनला सांगायची का?

वर्षात १८३ दिवसांहून जास्त इथे राहिलात की तुम्ही करासाठी स्पेनचे आणि जगभरातलं उत्पन्न दाखवायचं. बँकखाती, गुंतवणूक, स्थावर यांपैकी एका गटात परदेशातली मालमत्ता ५०,००० युरोंवर गेली तर ७२० क्रमांकाचा तक्ता ३१ मार्चपर्यंत भरायचा. पुण्यातला फ्लॅट त्यात येतो. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये या तक्त्यावरचे जबर दंड बेकायदा ठरवले. तक्ता भरण्याचं बंधन राहिलं. ब्रिटनचं करमुक्त आयसा खातं स्पेनमध्ये करमुक्त नाही. येण्याआधी, ब्रिटिश रहिवासी असतानाच, त्याचा निर्णय घ्या.

१८. स्पेनमध्ये जन्मलेलं आमचं मूल स्पॅनिश होतं का?

आपोआप नाही. स्पेनच्या भूमीवर जन्मलेल्याला एक वर्षाच्या कायदेशीर वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. इतरांना दहा वर्षं थांबावं लागतं, शिवाय भाषेची आणि घटना-संस्कृतीची परीक्षा. ब्रिटिश वा भारतीय अर्जदाराला जुनं नागरिकत्व सोडत असल्याचं स्पॅनिश अधिकाऱ्यासमोर जाहीर करावं लागतं.

ब्रिटिश नागरिकत्वात एक मेख आहे. आई किंवा वडील ब्रिटनमध्ये जन्मून ब्रिटिश असतील किंवा अर्ज करून नागरिक झाले असतील, तर स्पेनमध्ये जन्मलेलं मूल ब्रिटिश असतं. पण ज्या पालकाला स्वतःलाच परदेशात जन्मून केवळ वंशाने ब्रिटिश नागरिकत्व मिळालंय, तो ते पुढे आपोआप देऊ शकत नाही. बाळंतपणाआधी हे तपासा.

१९. मतदान करता येतं का?

गावच्या निवडणुकीत येतं. जानेवारी २०१९ च्या ब्रिटन-स्पेन करारामुळे तीन वर्षं कायदेशीर वास्तव्य असलेले ब्रिटिश मत देऊ शकतात, उभेही राहू शकतात. मतदारयादीत नाव नोंदवायचा अर्ज आधी द्यावा लागतो, पाद्रोन पुरेसं नाही. कौटुंबिक व्हिसावरच्या भारतीय जोडीदाराला हा हक्क नाही. ब्रिटनच्या संसदेसाठीही मत देता येतं, पंधरा वर्षांची मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये गेली.

२०. भारतातून आजी-आजोबा राहायला येणार आहेत. काय लागतं?

शेंगेन व्हिसा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचा अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. ती तुमच्या घरी उतरणार असतील तर स्थानिक राष्ट्रीय पोलीस ठाण्यातून निमंत्रणपत्र काढावं लागतं. ते साध्या कागदावर लिहून चालत नाही आणि वेळ लागतो, म्हणून तिकिटांच्या आधी सुरू करा. गावातले उतार आणि पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपतील का, हेही पाहा.

२१. मृत्युपत्र ब्रिटनमध्ये केलंय. स्पेनमध्ये वेगळं लागतं का?

करून ठेवा. १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार वारसाहक्काला तुम्ही शेवटी जिथे राहत होतात तिथला कायदा लागतो. स्पेनमध्ये मुलं असतील तर संपत्तीचा दोन तृतीयांश भाग त्यांच्यासाठी राखीव, आणि जोडीदाराच्या हाती अपेक्षेपेक्षा कमी येतं. मृत्युपत्रात आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा लागू करावा असं स्पष्ट लिहिलं तर तो लागतो. हे वाक्य नोटरीसमोर लिहून घ्या. आणि जोडीदाराला हेही सांगून ठेवा की इथे अंत्यविधी एक-दोन दिवसांतच होतात. लंडनहून भावंडं पोहोचेपर्यंत थांबण्याची पद्धत नाही, थांबवायचं असेल तर लगेच सांगावं लागतं.

२२. मुलं मोठी होऊन ब्रिटिश विद्यापीठात गेली तर फी परदेशी विद्यार्थ्यांची लागेल का?

बहुधा लागेल, ब्रिटिश पासपोर्ट असला तरी. स्थानिक फीसाठी अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची तीन वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य हवं. ३१ डिसेंबर २०२० पूर्वीपासून युरोपात राहणाऱ्या ब्रिटिशांना सूट आहे, पण ती २०२७ अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांपुरतीच. २०२० नंतर आलेल्या कुटुंबांना ती नाहीच.

दुसरी बाजूही पाहा. आंदालुसियाच्या सरकारी विद्यापीठांत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्या विषयांची पुढच्या वर्षीची फी ९९ टक्के माफ होते. स्पॅनिश बाचियेरातो (आपल्या अकरावी-बारावीसारखा अभ्यासक्रम) पूर्ण केलेल्या मुलाला मालागा किंवा ग्रानादात शिकणं लंडनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. ब्रिटनची वाट तरीही मोकळी ठेवायची असेल तर मूल पंधराचं होण्याआधी घरात हा विषय काढा, कारण तीन वर्षांचं गणित तिथूनच सुरू होतं.